यात कुणी मरत नाही ना?

स्वप्नालीला पुस्तक वाचताना गप्प बसता येत नसे. निघोज्यातल्या एका कंपनीत ती गाड्यांचं वायरिंग तपासायच्या कामाला होती. रहाटणीहून कंपनीच्या बसने जाता-येताना तिच्या हातात कायम कादंबरी असायची. वाचताना ती चुकचुकायची, एकटीच हसायची, एखाद्या पात्राला "अरे मूर्खा, मागं वळून बघ की" असंही बजावायची. शेजारी बसणाऱ्या छबूबाई कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. त्यांना आता याची सवय झाली होती.

पण त्या संध्याकाळी बस मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकली आणि स्वप्नाली हुंदके देऊन रडायला लागली. छबूबाईंना वाटलं, गावाकडून काहीतरी निरोप आला.

"काय झालं गं पोरी?"

स्वप्नालीने नुसता हात हलवला आणि ओढणी तोंडाला लावून डोकं खिडकीला टेकवलं.

"पानी द्या त्यांना कुनीतरी," बस चालवणारे मारुतराव आरशात बघत म्हणाले. "घरचं काय वाईट झालं व्हय?"

छबूबाई मागच्या सीटवर गेल्या आणि त्यांनी हळूच स्वप्नालीच्या नवऱ्याला, गणराजला, फोन लावला. गणराज इलेक्ट्रिशियन. पुनावळ्यात एका नव्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर तो शिडीवर चढून काम करत होता. पुढचं सगळं स्वप्नालीला नंतर कळलं. त्याने आधी केजजवळच्या गावी सासऱ्यांना फोन केला. सोपानराव स्वतःच बोलले. मग सासूबाईंशी बोलला, दोन्ही मेव्हण्यांशी बोलला, आपल्या आईशी बोलला. सगळे ठणठणीत. सगळे ठणठणीत आहेत म्हटल्यावर तो जास्तच घाबरला. काम तसंच टाकून त्याने गाडी काढली आणि बस यायच्या आधी कोकणे चौकात येऊन उभा राहिला.

स्वप्नाली उतरली ती सुजलेल्या डोळ्यांनी.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"आजोबा," ती ओढणीने डोळे पुसत म्हणाली.

"कुणाचे? तुझे आजोबा तर आपल्या लग्नाच्या आधीच गेलेत."

"पुस्तकातले."

गणराज फुटपाथच्या कडेला टेकला, तिच्याच पिशवीतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायला. आता हा चिडणार, असं तिला वाटलं. चिडला असता तर तिला वाईटही वाटलं नसतं.

"कशाने गेले?" त्याने विचारलं.

मग तिथेच उभं राहून तिने सांगितलं. नातवाने शहरात बोलावून घेतलेले आजोबा, त्यांना करमेनासं झालेलं, छातीत दुखतंय हे त्यांनी कुणालाच न सांगितलेलं.

"नातवाला कळायला नको होतं का? एकदा दवाखान्यात न्यायचं," गणराज म्हणाला आणि गाडीला किक मारली. घरी पोहोचेपर्यंत तो नातवावर नाराज होता.

त्या दिवसापासून मात्र त्याने एक गोष्ट स्वतःकडे घेतली. स्वप्नालीसाठी पुस्तक आणायला तोच जायला लागला. घरामागच्या गल्लीत जयसिंगकाकांची छोटी लायब्ररी होती. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पुस्तकांची कपाटं.

"काका, यात कुणी मरत नाही ना?" गणराजने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ही रहस्यकथा आहे. पहिल्याच पानावर खून आहे."

गणराजने विचार केला. "सुरुवातीलाच मेलेला चालेल. ओळख झालेली नसते."

स्वप्नालीने ते पुस्तक झपाटल्यासारखं वाचलं. तिचा संशय पहिल्यापासून डॉक्टरवर होता. "इतकं गोड कुणी बोलतं का पेशंटशी?" असं ती छबूबाईंना दोनदा म्हणाली. शेवटी खुनी निघाली ती मेलेल्या माणसाची बहीण. ती स्वप्नालीला सगळ्यांत जास्त आवडली होती. एखाद्या मैत्रिणीने फसवल्यासारखी ती नंतर दोन दिवस गप्प होती.

मग भुताची कादंबरी आली. ती वाचून झाल्यावर तिन्हीसांजेला गच्चीवरचे कपडे आणायला जायची तिची हिंमत होईना. गणराजने जिन्यात जास्त उजेडाचा दिवा लावून दिला. "पण भूत चांगलं होतं हो," ती म्हणाली, "घरातल्या माणसांपेक्षा तेच समजूतदार." प्रेमकथेतल्या नायकाचा तिला भयंकर राग आला. चारशे पानं तो नुसता मनात झुरत राहिला. "फोन आहे ना खिशात, मग कर की तिला," असं ती बसमध्ये मोठ्याने म्हणाली, आणि पुढून मारुतराव म्हणाले, "अजून न्हाई केला का त्यानं?" रोज थोडं थोडं ऐकून त्यांनाही तो माहीत झाला होता.

गडबड झाली ती ऐतिहासिक कादंबरीत. लढाई आहे, माणसं मरणार, हे स्वप्नालीने आधीच मनाशी धरलं होतं. पण सरदाराची घोडी मेली आणि ती स्वयंपाकघरात कणकेचे हात तसेच घेऊन रडली.

"घोडीचं माझ्या डोक्यातनं निसटलं राव," जयसिंगकाका ओशाळून म्हणाले.

"आता मीच आधी वाचतो," गणराजने ठरवलं.

दहावीनंतर त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं. दोन भावांची गोष्ट असलेली कादंबरी घेऊन तो साइटवर जेवणाच्या सुट्टीत वाचायचा. एक-एक ओळ बोट ठेवून वाचल्यासारखी सावकाश. इकडे स्वप्नालीकडे वाचायला काही उरलं नाही. ती रोज विचारायची, "झालं का?" आणि तो म्हणायचा, "घाई करू नको, तपासतोय."

शेवटी एका रविवारी त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच. कुणी मरत नाही."

खरंच कुणी मरत नव्हतं. थोरला भाऊ वाटणीनंतर घर सोडतो, एस.टी. स्टँडवर दिवसभर बसून राहतो आणि त्याला परत न्यायला कुणी येत नाही, एवढंच. स्वप्नाली रडली नाही. तिने कुकर लावता लावता निकाल देऊन टाकला.

"थोरल्याचंच चुकलं. एवढा ताठा कशाला? आपण होऊन घरी जायचं."

"आपण होऊन कसा जाईल?" गणराज दारात येऊन उभा राहिला. "धाकट्याने यायला पाहिजे होतं. ज्याने आयुष्यभर सगळ्यांचं केलं, त्यानेच परत वाकायचं का?"

"वाकणं कसलं त्यात? घर त्याचंच होतं."

"तुला नाही कळायचं ते."

त्याचा आवाज चढला तशी तिने वळून बघितलं. एवढ्या कादंबऱ्या तिने त्याला सांगितल्या, पण असा तो कधी बोलला नव्हता. गणराज घरातला थोरला. धाकटा निरंजन गावी शेती बघायचा. दोघांत भांडण असं काही नव्हतं. दिवाळीला भेट व्हायची, मध्ये कुणाचा फोन कुणाला जायचा नाही.

"रडलात का तुम्ही वाचताना?" तिने विचारलं.

"थोडंसं," तो म्हणाला.

कुकरची शिट्टी झाली, गॅस तिने बारीक केला. गणराज बाहेरच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने त्याचं बोलणं ऐकू यायला लागलं.

"निरंजन, बोअरची मोटर कशी चाललीये रे?... नाही, सहज केला. सांग की, पाणी टिकलंय का?"

मोटरवरून बोलणं केबलवर गेलं, केबलवरून निरंजनच्या पोराच्या शाळेवर. पलीकडून निरंजन बराच वेळ काहीतरी सांगत होता आणि गणराज खिडकीत उभा राहून "हां... हां" करत होता. स्वप्नालीने दोन ताटं घेतली, वाढली. त्याचं झाकून ठेवलं आणि आपण जेवायला बसली. थोरल्याचंच चुकलं, हे तिचं मत काही बदललं नव्हतं.