खिडकी पांढरी ठेव

“अजून उडव,” धर्मेश माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. “खिडकी पांढरी ठेव. बाहेरचं काय पण दिसायला नको.”

मी माऊस सोडला आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. धर्मेश अंबरनाथ पश्चिमेला घरांची दलाली करायचा. बापानं शेत विकलं आणि पोरगा त्याच शेतावरचे फ्लॅट विकतो, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि तोही हसायचा. मुंबईची गिऱ्हाइकं आधी ई-मेलवर फोटो मागायला लागली, तेव्हापासून त्याच्या खेपा माझ्याकडे वाढल्या. माझं उल्हासनगरात छोटं दुकान होतं. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, आणि अलीकडे हे घरांचे फोटो उजळून देणं.

या कामातली डोकेदुखी म्हणजे खिडकी. खोलीचा उजेड धरला की खिडकी चुन्यासारखी पांढरी पडते, आणि खिडकीचा धरला की खोलीत अंधार. म्हणून दोन फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकात एक बसवायचे. सगळे दलाल त्यासाठीच माझ्या मागे लागायचे. बदलापूरवाल्यांना खिडकीत डोंगर पाहिजे असायचा, एमआयडीसीकडच्यांना धुराडं नको असायचं. खिडकी कोरीच पाहिजे म्हणणारा हा पहिला.

मी जात्याच संशयी. आई म्हणायची, हा दूध पितानासुद्धा त्यात पाणी किती ते बघतो. त्यात धंदा असा. रोज दुसऱ्याच्या भिंतीवरची ओल पुसणाऱ्याला कुठली भिंत कोरडी वाटणार?

मागे नाला आहे का, मी विचारलं. नाही म्हणाला. विजेचा टॉवर? स्मशान? प्रत्येक वेळी नुसती मान हलवली आणि मोबाईलची बटणं उगाच दाबत बसला. हाच गडी एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देतो. कुठेतरी पाणी मुरत होतं. मग मी थाप मारली, की तुझा फोटो हललाय, मला स्वतः जाऊन काढावा लागेल. तर त्याचा चेहराच उतरला.

“राहू दे ना. म्हातारीला कशाला तरास?”

म्हणजे घरात एकटी म्हातारी. झालं, माझ्या डोक्यात सगळी गोष्ट तयार झाली. हा तिला फसवतोय. पुढे काही चांगलं होणार असेल, रस्ता, बाग, काहीतरी, आणि हा घर स्वस्तात लाटून ठेवणार. मी पत्ता घेतल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडायला बराच वेळ लागला. दारात एक सावळी, उंच बाई, एक हात गुडघ्यावर. यशोधराबाई. सरकारी दवाखान्यात आया म्हणून जन्म घालवलेला, हे त्यांनी मी बूट काढेपर्यंत सांगून टाकलं.

आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर पाहिलं. बुद्ध आणि शेजारी बाबासाहेब. धर्मेशच्या फोटोत ही भिंत मोकळी होती.

“जय भीम, मावशी,” मी म्हटलं.

“जय भीम.” त्यांनी मला नीट निरखलं. “आपलाच हायस होय? बस की मग.”

मी बसलो नाही. सरळ खिडकीशी गेलो. खाली बुद्धविहार. पांढरा रंग नुकताच दिलेला, वर पंचशील ध्वज, कोपऱ्यावर निळा झेंडा. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पायऱ्यांवर चपला काढत होत्या आणि आतून वंदनेचा आवाज येत होता. नाला नव्हता, टॉवर नव्हता. हे होतं ते, जे दिसायला नको होतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच धर्मेशच्या नावानं काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आपल्या पैशावर दलाली खातो आणि आपलाच झेंडा झाकतो. त्याचं काम करणार नाही म्हणालो, चार माणसांत विचारीन म्हणालो.

यशोधराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्यानं नाय सांगितलं. मी सांगितलं.”

त्या चहा टाकायला आत गेल्या आणि तिथूनच सांगत राहिल्या. गिऱ्हाइकं येतात, हॉल बघतात, नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतात, खूश असतात. मग खिडकीशी जातात. मग वळून मावशींना आडनाव विचारतात. एक बाई तर तोंडाला लावलेला चहाचा कप तसाच ठेवून उठली होती. धर्मेश बिचारा नकोच म्हणत होता. माणूस घर बघायला आला की खिडकी दिसणारच ना, असं त्याचं म्हणणं.

“मी म्हटलं, येऊ तर दे. जिना चढून आलेला माणूस थांबेल पण कदाचित. आणि कुणाला बोलू नको म्हणून त्याला शपथ घातली. आपल्या लोकांना कळलं तर काय तोंड दाखवू?”

घर विकलं नाही तर त्यांना इथून हलता येत नव्हतं. गुडघे वॉर्डातल्या फरशीवर गेले होते. जिना उतरणं बंद झालं होतं. मुलगी प्रीती नाशिकला, ती रोज फोनवर रडायची, की आई तू पडलीस तर कळायचं कुणाला? घर विकून तिच्याजवळ तळमजल्यावर जागा घ्यायची, एवढंच ठरलं होतं. हा विहार उभा राहिला तेव्हा मावशी रात्रपाळी करून आल्या की घमेली वाहायच्या आणि नवरा कारखान्यातून सुटला की गवंड्याच्या हाताखाली उभा राहायचा. आता खाली जाता येत नाही, म्हणून वंदनेच्या वेळी खुर्ची खिडकीशी ओढतात आणि इथूनच हात जोडतात.

हे सगळं ऐकूनही माझी खोड जाईना. “पण मावशी, आपलं आपणच झाकायचं?”

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. “तुझ्या दुकानाच्या पाटीवर आडनाव हाय का रे?”

नव्हतं. ‘महेंद्र फोटो’ एवढंच होतं. मी चहा प्यायलो. मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी ती पाहिली.

मग मी हॉलचा फोटो काढायला घेतला. दोन्ही तसबिरी त्यांनी स्वतः उतरवल्या, पदराने पुसल्या आणि आतल्या पलंगावर उशीला टेकवून ठेवल्या. मला हात लावू दिला नाही. मी खोलीचा उजेड धरला, खिडकी पांढरीफेक आली. फोटो चांगला होता. असं घर कुणालाही आवडावं.

कॅमेरा पिशवीत घालत होतो तर म्हणाल्या, “माझा एक काढ. प्रीतीच्या घरात लावायला. इथं बसते.” आणि खिडकीसमोरच्या खुर्चीत बसल्या.

“तिथं नको मावशी. उजेड मागून येतो, चेहरा अंधारात जाईल. भिंतीशी बसा.”

“जाऊ दे. माझा चेहरा पोरीला पाठ हाय. मागचं नीट येऊ दे.”

मी खिडकीचा उजेड धरला. खोली काळोखी झाली, मावशींचा चेहरा गेला, केसांच्या कडेला तेवढी एक पांढरी रेघ उरली. मागे विहार, झेंडे, पायऱ्यांवरच्या चपलासुद्धा स्वच्छ आल्या. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुढे-मागे करून खूप वेळ पाहिलं. मग त्या एवढ्याशा पडद्यावर बोट टेकवलं.

“ही खालची पायरी ह्यांनी बसवलेली. जरा वाकडीच बसली. कॉम्प्युटरवर सरळ करू नको हां.”

“नाही करत,” मी म्हटलं.