पुढचं चाक फिरत नाही

मित्रांनो, रोज सकाळी मी तासभर जिवाच्या आकांतानं धावायचे आणि धावून झाल्यावरही त्याच खोलीत असायचे. डावीकडं खिडकी, उजवीकडं गव्हाची कोठी, समोर टीव्ही. कितीही धावले तरी खिडकी मागं पडायची नाही की कोठी सरकायची नाही. मी अंबडमधल्या एका घरातली सायकल आहे. वय म्हणाल तर फार नाही, पण एका जागी उभं राहूनही म्हातारपण येतं, हे मला इथं कळलं.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. नळीला नळी जोडताना लागलेली आग अजून अंगात कुठंतरी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात, मान वाकडी करून, मी जालन्याच्या दुकानात आले. तिथं चकचकीत सायकलींच्या रांगेत मी कोपऱ्यात उभी होते. एके दिवशी सुग्रीव काका आले. उन्हानं रापलेले, उजवा हात डाव्याहून काळा, कारण साऱ्या नोकरीत तो एसटीच्या खिडकीबाहेर राहिलेला. ते एसटीचे ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते.

दुकानदारानं विचारलं, "नातवाला पाह्यजे का, काका?"

"नातवाला काहून? मला पाह्यजे. सारी नोकरी दुसऱ्याच्या घंटीवर गाडी थांबवली. आता पाटी न्हाई अशा रस्त्यानं जायचंय."

त्यांनी माझी घंटी वाजवून पाहिली. मग उगाच पुन्हा वाजवली. मला तेव्हाच ते आवडले.

जालना म्हणजे लोखंडाचं गाव. तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून काकांनी माझ्या पाठीला भक्कम कॅरिअर लावून घेतलं, दोन बाजूंना दोन पिशव्या अडकवल्या आणि माझे फिरतीचे दिवस सुरू झाले. सोबतीला तातेराव असायचे, काकांचे बालमित्र. त्यांची पिठाची गिरणी होती. त्यांच्या सायकलीच्या घंटीतही पीठ बसलेलं. ती वाजायची नाही, खोकायची.

मोसंबीच्या बागांमधून, तुरीच्या शेतांमधून, कॅनॉलच्या कडेकडेनं आम्ही हिंडलो. पुढं काकांच्या मनानं लांबचं घेतलं. थंडी पडली की वडीगोद्रीचा हायवे ओलांडायचा, शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडायची आणि मग आतले रस्ते धरून, गावोगाव मुक्काम करत, घाट उतरून थेट कोकणात. रात्री शाळेच्या ओट्यावर नाहीतर देवळात. गावातली माणसं जमायची.

"कुठले पाव्हणे?"

"अंबडचे."

"सायकलीवर? का बरं, गाडी विकावी लागली का?"

तातेराव म्हणायचे, "गाडी हाये हो. पण तिला माणसं वळखत न्हाईत. सायकलवाल्याला सारे च्या पाजतात." आणि खरंच चहा यायचा.

मित्रांनो, तोवर मी पाणी पाहिलं होतं ते कॅनॉलचं. त्याला दोन काठ असतात. समुद्राला एकच काठ होता आणि त्या काठानं वाट होती. सुरूच्या बनातून जाणारी, तांबड्या जांभ्याची, कधी खाडीपाशी संपणारी. मग आम्ही होडीत चढायचो आणि पलीकडं वाट पुन्हा सुरू व्हायची. संध्याकाळी काका कुणाच्या तरी अंगणात बादलीभर गोडं पाणी मागून मला धूत. खारा वारा लोखंडाला लागतो म्हणत. आधी मी, मग ते स्वतः. माझ्या आयुष्यातली ती दोन वर्षं मी अजून उगाळत बसते.

दुसऱ्या हिवाळ्यात, किनाऱ्यावरच्या एका उतारावर, झऱ्याच्या पाण्यानं जांभा शेवाळला होता. माझं चाक सरकलं. मी एकीकडं पडले, काका दुसरीकडं. माझं फक्त हँडल वाकलं. काकांचं डोकं दगडावर आदळलं आणि ते दवाखान्यात कितीतरी दिवस डोळे उघडेनात.

तिकडं अंबडला त्यांच्या पत्नीला, उषाबाईंना, फोन गेला. हे मी पुढं त्यांच्याच तोंडून ऐकलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत. फोन ठेवला तशा त्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढल्या, पदर पसरला आणि बोलल्या, "आई, ह्यांचे डोळे उघड. ह्यांची सायकल पुन्हा रस्त्याला लागू देणार न्हाई."

डोळे उघडले. काका घरी आले. मीही टेम्पोतून आले.

घरात माझी हेळसांड झाली असं मी म्हणणार नाही. उलट, इतकं माझं कुणी केलं नसेल. उषाबाई मला रोज पुसत. खंडेनवमीला हळदीकुंकू, झेंडूचा हार. पण हार घातलेली वस्तू भिंतीशी उभी असली की कशी दिसते, हे तुम्हीच आठवून पाहा.

काका हळूहळू बरे झाले. डॉक्टरांनी सायकलीला केव्हाच हो म्हटलं. नवसानं म्हटलं नव्हतं. काका खिडकीत बसून रस्ता बघत राहत. तेव्हा त्यांची मुलगी प्रांजली पुण्याहून एक स्टँड घेऊन आली. "बाबा, घरातच चालवा. आईचा नवसपण राहतो, तुमचं सायकलिंगपण." किती प्रेमानं आणलं होतं तिनं! त्या स्टँडच्या दोन लोखंडी जबड्यांनी माझ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आवळलं आणि खालून एक रूळ टायरला टेकवला. पुढच्या चाकाखाली लाकडाची फळी दिली. टीव्हीवर कुणीतरी काढलेली कोकणच्या किनाऱ्याची चित्रफीत लागली. काका बसले. पायडल फिरलं. रूळ घरघरला. समोर सुरूचं बन मागं मागं जाऊ लागलं आणि मला क्षणभर खरंच वाटलं, की सुटले.

मग मला कळलं की माझं पुढचं चाक फिरतच नाही.

तेव्हापासून हेच. मागचं चाक झिजत राहिलं, त्याच्या नक्षीचा मधला पट्टा पार गुळगुळीत झाला. पुढचं होतं तसंच राहिलं. रुळावर घासून टायरची काळी भुकटी फरशीवर सांडे आणि उषाबाई ती रोज झाडत.

यंदा थंडी पडली तशी तातेरावांची स्वारी आली. दारातूनच ओरडले, "वहिनी, च्या टाका. तुमच्या कैद्याला भेटायला आलोय."

"कैदी न्हाई, भावजी. जिवंत माणूस हाये घरात, तेवढंच बघते मी."

"जिवंत हाये, पण घरघर करून राह्यलाय, माझ्या गिरणीसारखा. गिरणीतून निदान पीठ तरी पडतं."

"हितंबी पडतं की. काळं. रोज मीच झाडते."

तातेराव हसले, मग हसू आवरून काकांकडं वळले. "सुग्रीव, शेवटचं विचारतो. येतो का समुद्राला?"

काकांचे पाय थांबले. टीव्हीतला रस्ता मात्र पुढं चालला होता. "तिनं माझ्यासाठी पदर पसरला, तात्या. तो मी पायानं लोटू कसा?"

उषाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

तातेराव एकटेच गेले. आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. ते बोलले नाहीत. फोन नुसता समुद्राकडं धरला असावा. काकांनी कितीतरी वेळ तो कानाशी ठेवला. मग खाली ठेवला आणि त्या दिवसापासून माझ्यावर बसणं सोडलं. खिडकीत बसणंही सोडलं. भाजीत मीठ नसलं तरी सांगेनात. उषाबाई सकाळी झाडू घेऊन आल्या आणि माझ्याजवळ थबकल्या. फरशी लखलखीत होती. दुसऱ्या दिवशीही तशीच. स्वच्छ फरशी बघून कुणाचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता.

त्या दुपारी काका आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. उषाबाईंनी दार लोटलं, टीव्ही लावला, निऱ्या खोचल्या आणि खाटेचा आधार घेऊन माझ्यावर चढल्या. चपला खालीच राहिल्या. आयुष्यात त्या कधी सायकलीवर बसल्या नव्हत्या. आधी पाय घसरला, मग जमलं. समुद्र आला, सुरूचं बन आलं, होडी आली, चित्रफीत संपली आणि पुन्हा तेच पहिलं सुरूचं झाड आलं. त्यांनी ती दुसऱ्यांदाही पाहिली. पाय चालवत, जात्यावर बसल्यासारख्या, त्या गुणगुणू लागल्या:

चाक फिरतं फिरतं, जागचं हालंना
घरातल्या वाटसराशी, घर काई बोलंना

मग उतरून, खाली वाकून त्यांनी माझं पुढचं टायर अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. "अगं माय," त्या मला म्हणाल्या, "ह्यात तर हवाच न्हाई."

घाम पुसत त्या उठल्या आणि तशाच बाहेर पडल्या. चपला माझ्यापाशीच होत्या.

परत आल्या तेव्हा पाय धुळीनं भरले होते. काका उठून बसले होते. "कुठं गेल्तीस? आणि अनवाणी?"

"आईकडं गेल्ते. म्हणलं, नवस मी बोलले, मोडतेबी मीच. ह्यांच्याकडून काई घेऊ नको. ह्यांची सायकल रस्त्यावर असंल तवर माझ्या पायात चप्पल न्हाई."

काकांनी त्यांच्या धुळीच्या पायांकडं पाहिलं. "मंग? आई काय म्हणली?"

"आई कशाला बोलती? पुजारी म्हणला, बाई, सरका जरा, मागं लाइन हाये."

काका हसले. किती दिवसांनी हसले! उषाबाईंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "हसू नका. मला भ्या वाटून राह्यलं. पण तुम्ही हितं असे पडून राहता, त्याचं जास्त वाटतं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकांनी जबडे सैल केले. मित्रांनो, त्या क्षणाचं मला नीट सांगता येणार नाही. हवा भरली, ब्रेक पाहिले आणि उंबरा ओलांडला. माझं पुढचं चाक पहिल्या वेढ्याला इतकं कुरकुरलं की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. उषाबाई दारात उभ्या होत्या, अनवाणी, गार फरशीवर.

गाव मागं पडलं. खरंच मागं पडलं! मोसंबीच्या बागेचा वास आला. रस्त्यावर एक बैलगाडी आणि आम्ही. समोरचा उतार पाहून माझं सारं अंग ताठलं, पण काकांनी तो ब्रेक दाबत, जपून उतरवला. पुढं रस्ता मोकळा होता. पायडल मारलं असतं तर दुपारी गोदावरीच दिसली असती. पण कॅनॉलपाशी काका उतरले, वाकले आणि डांबरावर तळहात ठेवून पाहिला. ऊन चढायला लागलं होतं.

त्यांनी मला वळवलं. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. जबडे सुटले तरी एक दोरी उरलीच होती.

उषाबाई दारातच होत्या. "एवढ्यात आले? समुद्राला जायचं ना तुम्हाला?"

"रस्ता तापून राह्यलाय. तुझे पाय पोळतील."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग काकांना. जिवंत, धड, धुळीनं माखलेले.

"मंग उद्या अजून अंधारातच निघा," त्या म्हणाल्या. "तेवढंच पुढं जाल."

मित्रांनो, तुमच्या घरी जिन्याखाली चादर पांघरून एखादी सायकल उभी असेल, तर तिला आधी पुसू नका. आधी तिच्यात हवा भरा आणि तिला दाराबाहेर काढा. लांब जा. आणि दारात कुणी तुमची वाट बघत उभं असेल, तर परतायची वेळ घड्याळात बघू नका. वाकून रस्त्यावर हात ठेवून बघा.