सर्व्हरची खंडेनवमी

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. सोयगावला आमच्या घरी त्या दिवशी ट्रॅक्टर धुवून पुसून उभा करतात, विळ्या-कोयत्यांना हळदकुंकू लावतात, विहिरीवरच्या मोटारीलाही झेंडूची माळ घालतात. लहानपणी त्या माळा मीच ओवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून 'ही पोरगी धर्म बुडवायला निघाली' म्हणणारे आमच्या कंपनीत मला पोटभर भेटले आहेत.

कंपनी नानासाहेबांची, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतली. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढायचे, खोक्यांत भरायचे आणि एका मोठ्या ग्राहकाला पाठवायचे, असं आमचं काम. किती माल बनला, कोणत्या खोक्यात काय आहे, त्यावर कोणतं लेबल लागणार, हे सगळं एका सर्व्हरमध्ये असतं. बिनलेबलाचं खोकं ग्राहक फाटकातूनच परत पाठवतो. म्हणजे सर्व्हर बंद तर कंपनी बंद, इतकं साधं गणित. हा सर्व्हर तीन वर्षं मी सांभाळत होते. कागदोपत्री मात्र मी 'ऑफिस असिस्टंट', आणि तोंडी तर तेवढीही किंमत नाही. नानासाहेब कायम ओरडायचे, "आरं, ती कम्प्युटरवाली पोरगी कुठं गेली?"

माझं नाव अपेक्षा. मी कम्प्युटरची पदवी घेतली आहे, औरंगपुऱ्यात नेटवर्किंगचा कोर्स केला आहे, सुट्ट्या घालवून परीक्षा दिल्या आहेत. मला सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं होतं. हौसेखातर नाही. असिस्टंट म्हणून केलेली तीन वर्षं दुसरीकडे कुणी अनुभव म्हणून धरत नाही, टायपिस्ट समजून बाजूला काढतात. आणि दुसरं म्हणजे, पद नसेल तर 'सर्व्हरला हात लावू नका' असं म्हणायचा हक्क नसतो. विनवणी करता येते. विनवण्या करून करून माझी जीभ झिजली होती.

गणपतीच्या सुमारास मी नानासाहेबांना स्पष्ट विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "देतो की. दसऱ्याला पत्र देतो. चांगला दिस हाय, चांगल्या दिसाला चांगलं काम करू." मी विश्वास ठेवला. त्याच जोरावर भांडून जिन्याखालची खोली मिळवली, एसी बसवून घेतला आणि तोवर माझ्या टेबलाखाली धूळ खात पडलेला सर्व्हर तिथं नेला. माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला तो असा. टेबलाखाली होता तोवर सर्व्हर हेही एक यंत्र आहे, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला स्वतःची खोली मिळाली आणि लगेच तो देव झाला.

खंडेनवमीला सकाळपासून पूजा सुरू होती. आमच्याकडे नेम असा, की प्रत्येक मशीनची पूजा झाली की नानासाहेब स्वतःच्या हातानं ती बंद करतात, आणि मग दसरा उलटेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. प्रेस मशीन एकेक करून शांत झाल्या. मग वरात माझ्या खोलीकडे वळली. चपला बाहेर, गुरुजी पुढं, मागं नारळाचं तबक. गुरुजींना त्या दिवशी वाळूजमध्ये श्वास घ्यायची फुरसत नसते. आमच्यानंतर त्यांना आणखी बऱ्याच कंपन्या होत्या आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. मी सर्व्हरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. अक्षता पंख्यात जाऊ नयेत म्हणून हात आडवा धरला. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

"हं, आता याला बी इसावा द्या," नानासाहेब म्हणाले.

"साहेब, आत्ता नको," मी म्हटलं. "महिन्याच्या स्टॉकचा हिशोब चालू आहे. तो संपू द्या, मग मी नीट बंद करते. अर्धा तास द्या फक्त."

"बटण दाबायला अर्धा तास?"

"नुसतं बटण दाबून हा बंद होत नसतो. लिहिता लिहिता कागद ओढला तर फाटतो की नाही? तसं होईल."

"गुरुजी खोळंबलेत, पोरी. आज एक बी यंत्र चालू ऱ्हायला नाय पायजे. माझ्या वडलांपासूनचा नेम हाय."

"तुमच्या गोठ्यातल्या गायीला तुम्ही पुजता ना? मग त्या दिवशी धार काढायची थांबवता का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथंच घोटाळा झाला. नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. आमचा इलेक्ट्रिशियन मुनीब दारात उभा होता. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, "बंद कर रं." मुनीबनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहब, ताई बोलरी तो रुको ना थोडा. एकदम से काटे तो बिगड जाएगा." तो जागचा हलला नाही. मग नानासाहेब स्वतः वाकले, डोळे मिटले, हात जोडले आणि सर्व्हरच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या. पंखे घरघरत थांबले. गुरुजींनी घाईघाईत अक्षता टाकल्या आणि ते पुढच्या कंपनीकडे निघून गेले.

"फार वाईट केलंत साहेब," मी म्हणाले.

"पूजेच्या टायमाला आपशकुनी बोलू नगं," ते म्हणाले, आणि नारळाचा प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

दसऱ्याला मी सोयगावला गेले. आईनं, चतुराबाईनं, उंबऱ्यातच विचारलं, "भेटलं का गं पत्र?" मी म्हटलं, उद्या कंपनी उघडल्यावर देणार आहेत. तिनं आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि साऱ्या गल्लीला पेढे वाटून सांगून आली की पोरगी आता मोठी अधिकारी होणार. मला पुरणपोळी गिळवत नव्हती. सर्व्हर पुन्हा उठणार नाही हे मला माहीत होतं.

तो उठला नाहीच. म्हणजे दिवे लागले, पंखे फिरले, पण आतली सगळी माहिती फाटून गेली होती. प्रेस मशीन धडधडायला लागल्या, माल बनायला लागला, खोकी भरली आणि लेबलाशिवाय तशीच थप्पी लागली. ट्रक फाटकाशी उभे राहिले. नानासाहेब तरातरा खाली आले, आणि त्यांचा पहिला शब्द काय असावा? "काय केलंस तू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? वायरी कुणी ओढल्या?"

"पूजेला नाक मुरडलंस. त्याचं फळ हाय हे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. भांडायला मला दिवस पुरला नसता, पण भांडून लेबलं छापली जात नाहीत. मी खोलीत गेले. रोजच्या माहितीची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवायची, ही माझी सवय. कुणी सांगितली नव्हती, कुणाला ठाऊकही नव्हती. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं त्या डिस्कवर सुखरूप होतं. ते परत भरायला सुरुवात केली. दुपार टळेपर्यंत वेळ लागणार होता, आणि त्यानंतर खंडेनवमीच्या सकाळचं काम हातानं भरायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी नानासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आवाजात एकदम मध.

"बस. हे बघ, ग्राहकाच्या सायली मॅडम आत्ता व्हिडिओवर येणारेत. माल का नाय आला, इचारतील. मी सांगतो, आपल्या कम्प्युटरच्या माणसाकडनं चूक झाली. तू नुसतं व्हय म्हण."

"माझी चूक?"

"आगं, पूजेसाठी मीच वायर ओढली म्हणून सांगू का त्यांना? काय इज्जत ऱ्हाईल माझी? खेडवळ समजतील. तुझं काय जातंय? तू लहान हायेस, लहानाची चूक पोटात घालतात." त्यांनी खणातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "तुझं पत्र. सही झालीय. बोलणं आटोपलं की घेऊन जा."

मी त्या पाकिटाकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, चांगलं टक लावून पाहिलं. आईनं गल्लीभर वाटलेले पेढे आठवले. एक 'व्हय' म्हणायचं, आणि तीन वर्षं जे मागत होते ते हातात. पण मग हेही दिसलं, की वाळूजमध्ये बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. सगळ्या कंपन्यांचे ग्राहक तेच, सगळ्यांचे ट्रकवालेही तेच. पद मिळायचं ते 'हिनंच सर्व्हर बुडवला' या शिक्क्यासकट. त्या पदाचं मी करू काय? नानासाहेबांनी माझं गप्प बसणं हाच होकार धरला.

पडद्यावर सायली मॅडम आल्या. रागावलेल्या होत्या, आणि त्यांचा राग रास्त होता. त्यांच्याकडे काम थांबायची वेळ आली होती. नानासाहेब सावरून बसले, घसा खाकरला आणि पुस्तकी मराठीत बोलू लागले.

"मॅडम, त्याचं असं झालं, की आमच्या सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर अपेक्षा मॅडम, त्यांच्याकडून सर्व्हर हाताळताना मोठी चूक झाली."

अपेक्षा मॅडम! सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर! तीन वर्षांत या माणसाच्या तोंडून माझं नाव धड निघालं नव्हतं. आज पदासकट, मॅडम लावून निघालं, कारण खापर फोडायला एक डोकं हवं होतं. असिस्टंटच्या डोक्यावर ते फुटलं नसतं, कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून मला वर चढवलं. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली.

"बरोबर आहे मॅडम, मी इथली सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर आहे," मी म्हणाले. "आणि त्याच नात्यानं सांगते. खंडेनवमीला सर्व्हर काम करत असताना त्याच्या वायरी ओढून काढल्या. मी नको म्हटलं होतं, इलेक्ट्रिशियननंही नको म्हटलं होतं. वायरी नानासाहेबांनी स्वतः ओढल्या. माझ्याकडे नक्कल आहे, माहिती परत भरणं चालू आहे. लेबलं आज संध्याकाळी निघतील."

नानासाहेब टेबलाच्या काचेकडे बघत होते. सायली मॅडमनी विचारलं, "सर्व्हरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"नानासाहेबांकडे, मेंटेनन्सकडे, वॉचमनकडे. माझ्याकडे नसते."

"नानासाहेब," त्या म्हणाल्या, "पूजा आमच्याकडेही होते. फुलं आम्हीही वाहतो, वायरी ओढत नाही. यापुढे ती किल्ली फक्त तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरकडे राहील, तसं मला आज मेल करा. मालाचं मी यांच्याशीच बोलेन. यांचा नंबर पाठवा."

पडदा काळा झाला. नानासाहेबांनी पाकीट उचललं आणि टराटरा फाडलं.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस! माझ्याच मिठाला जागली नाहीस! कसलं पद न कसलं काय!"

"फाडा," मी म्हटलं. "पत्राची गरज नाही आता. पद तुम्हीच दिलंत, आत्ता, ग्राहकाच्या तोंडावर. ते माघारी कसं घेणार, तेवढं मॅडमना तुम्हीच कळवा. किल्ली द्या."

मुनीब काय झालं ते बघायला आला होता. मी सांगितल्यावर त्यानं आपल्या जुडग्यातून मेंटेनन्सची किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली. मग नानासाहेबांनी खिशातून आपली काढली आणि टेबलावर सरकवली.

"झालं समाधान?" ते म्हणाले. आवाज आता उतरला होता, जवळजवळ समजुतीचा झाला होता. "पद भेटलं, किल्ली भेटली. आता तरी हास की जरा. आजून कशाला फुगून बसलीस?"

हसायला येईल असं मलाही वाटलं होतं. तीन वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती, आणि आता नुसता संताप संताप होत होता. इतका, की डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना दिसलं, याचाही संताप झाला.

"साहेब," मी म्हणाले, "तीन वर्षं तुमची कंपनी चालू ठेवली, तेव्हा मी कुणीच नव्हते. गुन्हेगार लागला, तेव्हा एका दमात ॲडमिनिस्ट्रेटर झाले. आता हसू कशाला?"

मी किल्ल्या उचलल्या आणि खाली कामाला गेले.