पूजेतला पाना

मित्रांनो, ईट गावच्या वेशीबाहेर लिंबाखाली चार दगडांवर टेकवलेलं जे गंजकं धूड तुम्ही पाहता, ज्याच्या हौद्यात शेळ्या चढून बसतात, तो मी. एक जुना ट्रक. आता मला चाकं नाहीत. चाकं नसलेल्याला ट्रक म्हणावं का, हे मी शेळ्यांना विचारतो. त्या रवंथ करत राहतात.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं बलभीमनं. एकवीस वर्षं त्यानं मला चालवलं. कडबा, ज्वारी, कांदे, एकदा तर अख्खी वरात मी वाहिली. तो मला म्हातारबा म्हणायचा. घाट चढून आलो की बॉनेटवर थाप मारायचा. तेवढंच माझं कौतुक, आणि मला ते पुरायचं.

गेल्या वर्षी माझ्या चाकांना तडे गेले. येडशीच्या महालिंगप्पा मिस्त्रींकडं, इंजिन गेलेला एक नवा ट्रक मोडीत निघाला होता. चाकं मात्र धडधाकट. मिस्त्रींनी मापं घेतली, भोकं जुळली. खंडेनवमी तोंडावर आलेली, म्हणून बलभीमनं हौसेनं त्या चाकांना लालभडक रंग दिला. अष्टमीला ती माझ्या अंगाला लागली.

मिस्त्री म्हणाले, "रंग लई जाड दिलास, बलभीम. गाडी चालली की तो दबतो अन् नट ढिले पडतात. पन्नासेक किलोमीटर झालं की परत आवळ. इसरू नको."

"इसरतोय व्हय, अण्णा?"

तो खरंच विसरला नाही. तेच तर दुःख आहे.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. नट सकाळी आवळू, म्हणाला. सकाळी पाहतो तर पाना देवघरापुढं, हळदीकुंकू लावून, विळ्या-खुरप्यांच्या शेजारी बसलेला. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत.

"अगं, नट आवळायचेत," बलभीम बायकोला म्हणाला.

"वर्षभर राबतोय तो," तुळजाबाई म्हणाली. "एक दिस बसू द्या की देवाजवळ. तुमच्यावाणी त्यालाबी पाठ असंल."

बलभीम हसला. "बरं, बसू दे. येडशीला अण्णांकडं आवळतो."

हार मलाही घातला होता, पण मला सुट्टी नव्हती. दसऱ्याचा झेंडू तुळजापूरला पोचवायचा होता.

येडशीला महालिंगप्पांचं शटर अर्धं खाली. आत पांढऱ्या कापडावर सगळी हत्यारं मांडलेली, वर फुलं. मिस्त्रींनी माझ्या चाकांकडं पाहिलं, मग पूजेकडं. वाकले आणि पान्याला हात घातला.

"देव काय एवढ्यावर कोपत न्हाय," ते म्हणाले.

बलभीमनं त्यांचा हात धरला. "तीस वर्षांचा नेम तुमचा. माझ्यापायी मोडू नका, अण्णा. हळू जातो. उद्या येताना आवळू."

मिस्त्री जरा वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले. दोघं चहा प्यायले. दोघं एकमेकांना फार जपत होते.

धाराशिव मागं पडलं आणि माझ्या पुढच्या उजव्या चाकाचा पहिला नट गळून पडला. मग दुसरा. स्टिअरिंग थरथरलं.

"काय म्हातारबा, नवे जोडे चावायलेत का?" बलभीम म्हणाला. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

चाक माझ्या पुढं पळालं, तुरीच्या रानात शिरलं. मी उजव्या अंगावर आडवा झालो. रस्ताभर झेंडू. आणि माझ्याखाली बलभीमचा पाय.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तो सोलापूरच्या दवाखान्यात असताना मला ओढून इथं आणलं. तुळजाबाईनं माझी चाकं, बॅटरी, सगळं भंगारवाल्याला दिलं. कुबडीवर घरी आल्यावर बलभीमनं आधी चाकांचीच चौकशी केली.

"भंगारवाला कुण्या जुन्या ट्रकाला बसवणार म्हणत होता," तुळजाबाई म्हणाली.

"कुणाच्या?"

"न्हाय विचारलं."

"लाल रंग पार उडाला असंल."

"नवा देणार म्हणला. जाडसर."

बलभीम खाली बसला. मग त्यानं जिकडं तिकडं फोन लावले. ती चाकं कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाना अजून देवघरापुढंच आहे. तुळजाबाई तो उचलत नाही आणि बलभीम मागत नाही. महालिंगप्पा एकदा आले, माझ्या रिकाम्या हबवर हात ठेवून उभे राहिले, आणि घरात न जाताच परत गेले. बलभीम रोज माझ्याजवळ येऊन बसतो. थाप मारत नाही.

मित्रांनो, एखाद्या जुन्या ट्रकाला ताज्या रंगाची नवी चाकं दिसली, तर त्याच्या ड्रायव्हरला तेवढं सांगा: नट आधी आवळ, हळदीकुंकू मागून लाव. देव थांबतो. नट थांबत नाही.

मीच ओरडून सांगितलं असतं. पण माझा हॉर्नही भंगारवाल्याच्या त्याच खेपेला गेला.