बुधवारची मशीन

मी मशीन बोलतेय. शिवणाची नाही, पिठाची तर नाहीच. केस कापायची. जिची घरघर ऐकून लहान पोरं भोकाड पसरतात आणि बापेमाणसं 'फार बारीक नको हं' म्हणून बजावतात, ती मीच. बारीक नको म्हणतात आणि पंधरा दिवसांत वाढले म्हणून कुरकुरतात. माणसांचं काही खरं नाही.

कारखान्यातून मी थेट दोन खुर्च्यांच्या एका सलूनमध्ये आले. मालकांचा हात सराईत. रोज सकाळी ब्रशनं माझे दात झाडायचे, मग थेंबभर तेल. त्यांची खोड एकच. कुणी टक्कल करायला बसलं, की माझं काम झाल्यावर ते वस्तरा घेत आणि डोकं तळहातासारखं गुळगुळीत करत. नुसत्या मशीनवर सोडणं त्यांना अर्धवट वाटायचं. मला ते लागायचं, पण मी पडले यंत्र, सांगणार कुणाला?

त्यांची लेक अठरा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. कॉलेजचं पहिलंच वर्ष. औषधांच्या दुसऱ्या खेपेनंतर केस उशीवर, टॉवेलवर, ताटात दिसायला लागले. आई ते गुपचूप वेचून टाकायची. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी पोरगी आपणहून खुर्चीत येऊन बसली.

"बाबा, सगळे काढा. रोज थोडेथोडे त्या आजाराला कशाला द्यायचे? आपले आपण काढू."

मला ती पोरगी तेव्हाच आवडली. मी जीव ओतून चालले, एक केस ओढला नाही. मालकांनी मला खाली ठेवलं आणि त्यांचा हात वस्तऱ्याकडं गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, साधा ओरखडाही नको. मालकांनी ते ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण तीस वर्षांची सवय विचारून येत नाही. कानामागं तिळाएवढं कापलं. रक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी ताप चढला, अकरा दिवस ती वेगळ्या खोलीत होती आणि पुढची औषधं लांबली.

मालकांनी वस्तरा आणि मी, दोघांना एकाच फडक्यात गुंडाळून खणात टाकलं. चोराबरोबर संन्याशालाही फाशी! तीन वर्षं मी त्या अंधारात पडून होते. मालक नुसत्या कात्रीवर सलून चालवत होते. गिऱ्हाइकांनी मशीन मागितली की म्हणायचे, बिघडलीय. बिघडलीय म्हणे! मला काय धाड भरली होती?

मग एक दिवस खण उघडला. समोर तीच पोरगी. अंग भरलेलं, डोक्यावर कुरळे केस, पूर्वी सरळ होते. ती बरी झाली होती. मला झटकत म्हणाली, दर बुधवारी ही घेऊन मी वॉर्डात जाणार, ज्यांचे केस गळतायत त्यांचे काढून देणार. मालकांचा चेहरा उतरला.

"एवढ्या मुश्किलीनं तिथून सुटलीस. पुन्हा त्या दारात कशाला जातेस?"

"सुटले म्हणून तर जाते. तुम्ही मला शिकवा फक्त."

मालक कात्री घेऊन गिऱ्हाइकाकडं वळले. चार दिवसांनी मात्र स्वतःच खुर्चीत बसले आणि म्हणाले, घे, माझ्या डोक्यावर शीक. पहिल्या दिवशी तिनं त्यांच्या डोक्यावर अशा पायऱ्या पाडल्या, की गिऱ्हाईक विचारू लागलं, कुठल्या सलूनमध्ये गेला होता? तिसऱ्या महिन्यात हात बसला.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी अटी घातल्या. आधी डॉक्टरांना विचारायचं. प्रत्येकाला माझं स्वच्छ केलेलं पातं. वस्तरा पिशवीतसुद्धा नको. एक ओरखडा उठला, की दार कायमचं बंद. पोरगी हो म्हणाली. मालक तिला दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे. मला मात्र हात लावत नसत.

असे सात-आठ महिने गेले. एका बुधवारी पोरीला सर्दी झाली. सिस्टरनी दारातच अडवलं, सर्दी घेऊन आत जायचं नाही. वॉर्डातला एक तरुण पेशंट, गॅरेजमध्ये काम करणारा, सकाळपासून थांबला होता. पोरीनं पिशवीतून मला काढलं आणि वडिलांच्या हातात दिलं.

"आज तुम्ही जा."

"माझ्या हातून नको गं."

"तुमच्या हातून एकदा चूक झाली, ती माझ्यावर. मी जिवंत आहे ना बाबा? मग जा आत."

त्यांनी मला पिशवीत परत ठेवलं, पुन्हा काढलं. तरी ते गेले. हात धुतले, माझं पातं बदललं. गॅरेजवाला मोठा बेरकी, आवाजावरून म्हणाला, काका, हिला तेल कमी पडतंय. शहाणा माणूस! मग मी चालले, मालकांचा हात हळूहळू पूर्वीसारखा वळायला लागला. शेवटी त्यानं डोक्यावरून तळवा फिरवला.

"काका, खुंट लागतायत. वस्तरा फिरवा की."

मालक थांबले. मी श्वास घेत असते, तर तो रोखला असता.

"नाही. इथंच थांबायचं," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं रक्त सांडून शिकलोय मी हे." आणि तिथं, त्या परक्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांनी इतक्या वर्षांचं सगळं रडून घेतलं. गॅरेजवाला बिचारा त्यांनाच धीर देत बसला.

आता दोघंही जातात. आम्ही ज्यांची डोकी भादरतो, ते सगळेच घरी परततात असं नाही, हे मला ठाऊक आहे. कधी पुढच्या बुधवारी खाटेवर दुसरंच माणूस असतं. पोरगी त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नाही, पण पुढच्या डोक्याला हात घालतेच.

माझं झाकण तडकलंय, चिकटपट्टी लावलीय. वायर दोनदा बदलली. नवी मशीन आणलीय, ती बरी आहे, जरा नाजूक आहे. कुणीतरी म्हणालं, ही जुनी आता भंगारात द्या. द्या म्हणे! मी अजून गरम होत नाही, अडत नाही, ओढत नाही. निरोपाचं नंतर बघू. उद्या बुधवार आहे आणि वॉर्डात चारजण थांबलेत.