गार मुठीचं पाप

पौषातल्या गारठ्यात कल्याणच्या तळ्याकाठी, धर्मशाळेपुढे, पहाटेपासून रांग लागे. आत ऊद इतका जाळलेला असे, की शेजारचा माणूस पुसट दिसावा. मधोमध चौरंगावर गंधनाथ महाराज. ते प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर कुंकवाच्या अक्षता ठेवीत आणि गर्जत, "मूठ मीट! गच्च! इष्टदेवतेचं नाव एकशे आठ वेळा घे. पुण्यवान असशील, तर नंदनवनातलं फूल मुठीत उमलेल. पापी असशील, तर नुसते तांदूळ! ॐ गंधाय नमः, सुगंधाय नमः, दुर्गंधाय फट्!"

आणि उमले हो! मूठ उघडली की असा वास दरवळे, की माणसं रडत. फुलाचा वास, आणि त्याबरोबर कुठल्याशा फळाच्या ताज्या सालीचा. मोगरा नव्हे, केवडा नव्हे, सोनचाफाही नव्हे. चाळीस वर्षं बाजारात फुलं विकणाऱ्या सगुणाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आपले मातीतला फूल नाय ह्यो." झालं. आपल्या मातीतलं नाही, म्हणजे स्वर्गातलंच. साऱ्या गावाला पटलं.

प्रमोदिनीला पटलं नाही. मुंबईला मेडिकल कॉलेजात शिकून तिने कल्याणात बायकांसाठी दवाखाना उघडला होता. तिचे वडील अण्णा, शाळेचे माजी हेडमास्तर, धर्मशाळेतून आले की मूठ तिच्या नाकापुढे धरीत. "आता बोला, डॉक्टरीणबाई!"

"वास ओळखीचा आहे, अण्णा," ती म्हणे. "कुठला, ते आठवत नाही."

अशात गुरुवारी सगुणाची सून बायजा दवाखान्यात आली. पोटाशी तीन महिन्यांचं मूल, ओठ पांढरेफटक. बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, चार पावलांत तिला धाप लागे.

"बाय, माजे मुठीन वास नाय आला," ती म्हणाली. "तीन येला बसले. म्हाराज बोलले, पापीण हाय, हिचं दूध म्हणजे पोराला इख. सासू उद्या मना म्हायेरी धाडते. पोराला ठेवून घेते."

"आणि त्याला पाजणार कोण?"

"म्हाराज बोलले, तीर्थ पाजा."

प्रमोदिनीने नाडी पाहायला तिचा हात धरला, आणि धरूनच राहिली. हात माठाच्या बुडासारखा गार होता.

"बायजा, आणखी कोणाच्या मुठीला वास आला नाही?"

बायजाने आठवून सांगितलं. हिवतापाने झिजलेला काळुराम. दम्याची एक म्हातारी. मिठागरातून ओल्या हातांनी थेट रांगेत आलेल्या दोघी जावा.

"त्या अक्षता आहेत तुझ्याकडे?"

पदराच्या गाठीत होत्या. प्रमोदिनीने एक दाणा नखाने खरवडला. कुंकवाखाली मेणचट थर लागला. उरलेले दाणे बशीत घेऊन तिने बशी दिव्यावर धरली. थर वितळला आणि खोलीभर नंदनवन पसरलं. उदाच्या धुराशिवाय, इतक्या जवळून, आता वास लख्ख ओळखू आला. कॉलेजच्या इस्पितळात कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून त्यात जे विलायती फुलांचं पाणी घालत, त्याचाच हा वास.

तिला इतका संताप आला, की खाली ठेवताना बशी फुटली.

शुक्रवारी सकाळी ती बायजाला घेऊन धर्मशाळेत शिरली. बरोबर रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गार पाण्याची घागर आणि ऊन पाण्याचं पातेलं. सगुणा नातवाला घेऊन पुढेच बसली होती, अण्णाही तिथेच होते.

"महाराज, आमच्या अण्णांइतका पुण्यवान माणूस कल्याणात आहे का?"

"साक्षात धर्मराज!" महाराज म्हणाले. अण्णा लाजले.

"अण्णा, या घागरीत हात बुडवा. तीनशे मोजेपर्यंत काढू नका."

"अगं, हा काय पोरकटपणा?"

"शाळेत तुम्हीच शिकवायचात ना, करून पाहिल्याशिवाय बोलू नये म्हणून?"

अण्णांनी हात बुडवला. तिकडे बायजाने पातेल्यात. मग दोघांनी हात पुसले, अक्षता घेतल्या, मुठी मिटल्या.

अण्णांचे एकशे आठ जप झाले. मूठ उघडली. नुसते तांदूळ. मागून कोणीतरी खिदळलं, "हेडमास्तरांचं पुण्य आटलं वाटतं!"

बायजाचे पन्नासही झाले नव्हते. तिच्या बोटांच्या फटींतून वास निसटला आणि पुढच्या बायका वळून पाहू लागल्या.

"पाहा, पाहा!" महाराज उठले. "माझ्या दर्शनाने हिचं पाप धुतलं गेलं!"

"तुमच्या दर्शनाने नाही, ऊन पाण्याने," प्रमोदिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "हे कोकमतेल आहे. टाचांच्या भेगांना लावता ना, तेच. थंडीत घट्ट, ऊबदार मुठीत पातळ. त्यात अत्तर कालवलं आहे. तेल वितळलं की वास सुटतो. हात गार असला की सुटत नाही."

सगुणाने एक दाणा उचलून बोटांत चोळला. "कोकमतेलच हाय," ती पुटपुटली. "पण फूल आपले मातीतला नाय, बाय. माजा नाक खोटा नाय बोलत."

"नाही बोलत, सगुणाबाई. सुएझच्या पलीकडे भूमध्य समुद्र आहे, त्याच्या काठावर इटली देश. तिथे संत्र्यांच्या बागा असतात. बहर आला की बायका पहाटेपासून फुलं खुडतात, तुझ्यासारख्याच टोपल्या भरतात, त्यांचीही कंबर अशीच मोडते. त्या फुलांचं आणि लिंबाच्या सालीचं अत्तर आगबोटीने येतं. स्वर्गात जायला नको, मुंबईच्या कोट भागातल्या दुकानात मिळतं."

महाराजांचा पाय हळूच चौरंगाखाली सरकला. रांगेतल्या एका गड्याने चौरंगच उचलला. खाली कोकमतेलाचं भांडं होतं आणि परदेशी चिठ्ठी डकवलेली निळी बाटली.

मग आरडाओरडा झाला, महाराजांच्या जटा कोणाच्या तरी हातात आल्या, ते मागच्या दाराने पळाले. लोक हसू लागले.

"हसता काय?" प्रमोदिनी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता. "त्याने फसवलं, पण आठ दिवस या मुलीची मूठ हुंगून तिला पापीण म्हणणारे तुम्ही होता. अण्णा, तुम्हीसुद्धा. एक दिवस उशीर झाला असता, तर हे मूल तीर्थावर मेलं असतं, आणि त्याचंही पाप तुम्ही हिच्याच माथी मारलं असतं."

अण्णांनी हातातले तांदूळ खाली टाकले. सगुणाने नातू बायजाच्या ओटीत ठेवला. तो चुरुचुरु प्यायला लागला.

"गार हात हे पाप नव्हे, आजाराची खूण असू शकते," प्रमोदिनी म्हणाली. "असा हात लागला, तर आधी शेका आणि दवाखान्यात आणा. आणि उद्या कोणी दुसरा चमत्कार घेऊन आला, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: हा चमत्कार ज्याच्या हातून घडणार नाही, त्याला तू काय ठरवणार?"