सुलतानाबाईचे हात

बांगड्या भरायच्या तर चंद्रपूरच्या सुलतानाबाईकडेच, असं कोरपन्याच्या मनकर्णाचं ठरलेलं होतं. सुलताना हात असा काही दाबायची की काच मनगटात उतरलेली नंतरच कळायची. तिचा नवरा मुश्ताक बांगड्यांच्या पेट्या लावायचा, गिऱ्हाइकांना पाणी द्यायचा.

२००६ च्या पावसाळ्यात चिकनगुनियानं घरोघरी माणसं वाकवली. सुलतानाचेही सांधे धरले. आठवड्यात ताप उतरला, सगळे म्हणाले, सुटली. पण पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना, तिसऱ्या दिवशी हातातून कप सुटला. तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "तापाशी लढणारी ताकद आता नसांवरच उलटलीय. सुधारेल, पण वेळ लागेल."

महिन्यानं ती घरी आली. मुश्ताक तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा. वेणी रोज कानाकडं सरकायची.

"हे वेणी हाय का दोर?"

"तुले कुठी दिसते मागचं? उगीच नावं ठेवून राह्यली."

दिवाळीनंतर ती भिंत धरून चालू लागली. बोटं मात्र ऐकेनात. एक दिवस ती म्हणाली, "पेट्या विकून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुश्ताक एसटीनं कोरपन्याला गेला आणि दुपारी मनकर्णाला घेऊनच आला. तिनं बसल्याबसल्या हात पुढं केला.

"भर."

"नको वं बाई, काच लागंल तुले."

"लागू दे. कापूस येचू येचू हात राठ झाला माहा."

पहिली बांगडी तडकली. दुसरी फुटली, मनकर्णाच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. सुलतानानं हात सोडला, पदरात तोंड लपवून रडू लागली. मुश्ताक पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबला.

मनकर्णानं अंगठा लुगड्याला पुसला आणि हात पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला. "मले काही घाई नाई."

बऱ्याच वेळानं सुलतानानं डोळे पुसले. दोन्ही हातांनी तिचा पंजा धरला, थांबत थांबत दाबत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला. एक हिरवी बांगडी सरकत मनगटात उतरली.

"दुसऱ्या हाताले आता ताकद नाई माह्यात," ती धापा टाकत म्हणाली.

"मंग उद्या भर," मनकर्णा म्हणाली. "मी राह्यतो इथीच."

सुलतानानं दाराकडं पाहिलं. "अजी, उभे काऊन? तिघांचा भात टाका."